चार अंशांचा ठोकळा

१२ जानेवारी १९८६, रविवार
इंग्लंडहून जिलेटिनचं नवं पिंप आलं. बाजूला छापलंय, गाईच्या कातड्यापासून. जुन्या पिंपावर काहीच लिहिलेलं नव्हतं, ते बरं होतं. गार्ड नूर महंमदने माझ्याकडून मुद्दाम वाचून घेतलं. "सूअर का तो नहीं ना, लिमयेसाब?" म्हटलं, नाही, गाय. "फिर ठीक है." त्याचं ठीक झालं, माझं काय? बायकोला, सुमनला, पत्रात 'केमिकल' एवढंच लिहितो.

पुण्याला दारूगोळ्याच्या कारखान्यात बावीस वर्षं तपासनीस होतो. तिथे ओल्या मातीत नि फळ्यांत गोळ्या मारायचो. इथे आखातात हे. एक भाग पावडर, नऊ भाग पाणी, वर चार थेंब दालचिनीचं तेल, म्हणजे बुरशी धरत नाही. दोन दिवस फ्रीजमध्ये, चार अंशांवर. झाला माणसाच्या मांसासारखा ठोकळा, असं आमचे वरचे टर्नर साहेब म्हणतात. ते लढाईत होते, त्यांना माहीत. मी आपला विश्वास ठेवतो.

१६ जानेवारी, गुरुवार
अर्धा दिवस. बुसैतीनला खोलीवर आलो तर महादूने पिठलं टाकलेलं. महादू शिंदे, रिटायर हवालदार, सातारा जिल्हा, कंपनीच्या सोन्याच्या गाडीवर गार्ड. दीड वर्ष एका खोलीत काढलं, पण माझं आडनाव त्याच्या तोंडात बसलं नाही. काकाच म्हणतो. मी त्याच्याहून फक्त चार वर्षांनी मोठा आहे.
माझा शर्ट हुंगून म्हणाला, "काका, मसालेभाताचा वास येतुया. हपिसात शिजवता काय?"
त्याला ठोकळा दाखवायचं कबूल केलंय.

२६ जानेवारी, रविवार
टर्नर साहेबांनी काम समजावलं. गार्डांच्या पिस्तुलात आता आहेत त्या बंद टोकाच्या गोळ्या. माणसाच्या आरपार जातात. सोन्याच्या बाजारात गल्ली आठ फुटी, पुढच्याला मारली तर मागचाही पडेल. नव्या गोळीचं टोक पोकळ आहे. शिरल्यावर तोंड उघडते, पसरते नि आतच थांबते म्हणे. म्हणे, म्हणून तर आपण आहोत. ठोकळ्यात तीस सें.मी.च्या आसपास थांबली तर घ्यायची, फार पुढे गेली तर नाही.
चार ठोकळे ओतले. परवा सकाळी रेंजवर.

२८ जानेवारी, मंगळवार
साहेब आलेच नाहीत, विमानतळावर कोणाला तरी आणायला गेले. गोळीबार उद्या. उद्या संकष्टी.
माझं माझ्याशीच ठरलेलं आहे. नोकरी आहे म्हणून रोज हातमोजे घालून हे कालवतो, संध्याकाळी आंघोळ करतो नि विसरतो. पण चतुर्थीला कातड्याहाडाच्या वस्तूला हात नाही. तीन वर्षांत एकदाही मोडलं नाही. साहेबांना काय सांगणार? नूरला सांगितलं. तो म्हणाला, "आप दूर खड़े रहना, मैं उठा लूँगा." भला माणूस आहे. गार्ड आहे, पण रेंजच्या दिवशी मदतीला येतो. कराचीचा बलुच, तीन मुली.
एक अडचण. सनद गावातल्या ऑफिसापासून रेंजपर्यंत पाऊण तास गाडी. एरवी वाटेत ठोकळ्याभोवती बर्फ लावतो, थर्मामीटर खुपसून बघत राहतो. उद्या ते माझ्या हातून होणार नाही. म्हणून निघताना फ्रीजचा काटा दोन घरं खाली सरकवून ठेवला. वाटेत तापला तरी हिशेब बरोबर बसेल.

२९ जानेवारी, बुधवार
पाच गोळ्या मारल्या. पंचवीस, सव्वीस, अठ्ठावीस, सव्वीस, सत्तावीस सें.मी. सगळ्या आत. टोकं छान उघडलेली. टर्नर साहेब एकदम खूश, माझ्या पाठीवर थाप.
मी वही घेऊन भिंतीपाशी उभा होतो. ठोकळे जरा पांढुरके वाटले, एकाला आडवी भेग गेली. रस्त्यात आदळले असतील.
थर्मामीटर खुपसला नाही. छर्राही मारला नाही. नियम असा की आधी छऱ्याच्या बंदुकीने एक छर्रा मारायचा, तो साडेआठ सें.मी. रुतला की ठोकळा बरोबर. पण छर्रा काढायचा म्हणजे बोट घालायचं. वहीत रकाने रिकामे ठेवता येत नाहीत, नेहमीचे आकडे लिहिले. ४°, ८.५. दर वेळी तेच तर येतात.
चंद्रोदयानंतर जेवलो. महादूने वरणभात झाकून ठेवला होता. स्वतःही थांबलेला, उगीच.

८ फेब्रुवारी, शनिवार
रिपोर्ट टाइप होऊन गेला, गार्डांना नव्या गोळ्या मिळाल्या. खाली माझी सही, त्याखाली साहेबांची. गार्डांच्या खोलीत कागद लावला, इंग्रजीत नि उर्दूत. नवी गोळी शरीरात थांबते, मागच्या माणसाला धोका नाही. परीक्षक, डी. एच. लिमये.
नाव छापलेलं बघून बरं वाटलं. खोटं कशाला लिहू. कारखान्यात बावीस वर्षांत माझं नाव कधी कशावर आलं नव्हतं. महादूने नूरकडून कागद वाचून घेतला आणि तेव्हापासून मला "परीक्षक" म्हणून हाक मारतो.

९ एप्रिल, बुधवार
महादू गेला.

१० एप्रिल, गुरुवार
काल लिहवलं नाही. आजही धड नाही.
सकाळी साडेदहा, सोन्याचा बाजार. पेटी दुकानात न्यायची होती. एक माणूस लोखंडी कांब घेऊन नूरच्या अंगावर धावून आला. नूरने गोळी घातली. त्या माणसाच्या कुशीतून निघून ती मागे महादूच्या गळ्याखाली लागली. महादू पेटी धरून उभा होता. पेटी सोडली नाही म्हणतात. कांबवाला जिवंत आहे, इस्पितळात.
ओळख पटवायला मी गेलो. चेहरा रागावल्यासारखा दिसत होता. महादू कधी रागवायचा नाही.

१३ एप्रिल, रविवार
विमानाने पाठवला. मुंबईला त्याचा मेहुणा येणार. सामान मी बांधलं. दोन पँटी, ट्रान्झिस्टर, पोरीसाठी घेतलेली कंपास, गॉगल. गॉगल कशाला घेतला होता काय माहीत, कधी घातलेला पाहिला नाही.
खोली एकदम मोठी झालीय. स्टोव्ह पेटवायला नको वाटतं. खुब्ज, म्हणजे इथली रोटी, आणि दही.
रडलो. सत्तेचाळीस वर्षांचा माणूस, बाथरूममध्ये नळ सोडून.

१५ एप्रिल, मंगळवार
ऑफिसात चौकशी. कंपनीचं म्हणणं, दोष नूरचा. सहकारी मागे आहे हे दिसत असून गोळी घातली. पोलिसांकडेही तसंच लिहून दिलंय. नूर कोठडीत. खटला होणार, कित्येक वर्षांची शिक्षा होईल असं ऑफिसातला मद्रासी टायपिस्ट म्हणाला.
मला नूरचा राग आला होता, मनातल्या मनात शिव्या घातल्या होत्या. पण चौकशीतला त्याचा जबाब वाचून दाखवला. "महादू पीछे है, मुझे मालूम था. काग़ज़ पर लिखा था गोली अंदर रहेगी."
सगळे माझ्याकडे बघतील असं वाटलं. कोणीच बघितलं नाही. टर्नर साहेब खिडकीबाहेर बघत होते.

१६ एप्रिल, बुधवार
वही काढली. २९ जानेवारी.
४°, ८.५. माझं अक्षर. सुरेख, वळणदार. पाच ओळी, एक खाडाखोड नाही.
काटा दोन घरं खाली होता. गाडी वाटेत तापली नाही, जानेवारीची सकाळ, मीच स्वेटर घालून होतो. ठोकळा पांढुरका होता. भेग होती. बावीस वर्षांच्या तपासनिसाला हे कळायला नको? गोठत आलेल्या ठोकळ्यात कुठलीही गोळी लवकर थांबणार. छर्रा मारला असता तर पाच-सहा सें.मी.वर अडकला असता, तिथेच कळलं असतं. एका छऱ्याचं काम होतं.
हातमोजे होते की माझ्याकडे.

२० एप्रिल, रविवार
साहेबांना न विचारता दोन ठोकळे ओतले, शुक्रवारी. आज सकाळी रेंजच्या अरब हवालदाराला गळ घातली. त्याने पिस्तूल चालवलं, बाकी सगळं मी माझ्या हाताने केलं. बर्फ लावला. थर्मामीटर खोल खुपसला, चार. छर्रा मारला, बोट घालून मोजला, साडेआठ. माणसाच्या अंगावर कपडा असतोच म्हणून पुढे गार्डांच्या गणवेशाचं कापड बांधलं, त्या दिवशी बांधलं नव्हतं.
पाच गोळ्या. सदतीस. एकेचाळीस. बाकी तीन ठोकळ्याच्या पलीकडे, मागच्या वाळूच्या पोत्यात.
पोत्यातून काढलेल्या तिन्ही गोळ्यांची टोकं कापडाने बुजलेली, उघडलीच नव्हती.
तो हवालदार म्हणाला, "यल्ला, खलास?" चला, संपलं का? म्हटलं, खलास.

२४ एप्रिल, गुरुवार
टर्नर साहेबांना सांगितलं. काटा, छर्रा, रकाने, सगळं. नवे आकडे लिहून नेले होते. कार्बन कॉपी माझ्याकडे.
त्यांनी आकडे दोनदा वाचले. मग म्हणाले, थर्मामीटर मीही बघितला नव्हता, लिमये. सहीही केली. ठोकळा म्हणजे माणूस नव्हे, तीस लिहिलं काय नि चाळीस लिहिलं काय, त्या दिवशी ती गोळी काय करणार होती हे कोणालाच सांगता आलं नसतं. हा कागद गेला तर तुमचा व्हिसा जाईल, कदाचित तुम्हीही आत जाल. शिंदे काही परत येणार नाही.
वाईट माणूस नाहीत.  कागद खणात ठेवला, किल्ली लावली.
मला सुटल्यासारखं वाटलं. हे लिहून ठेवतो, कारण उद्या मी नाही म्हणेन. खरंच वाटलं. घरी येऊन झोपलो, चांगली झोप लागली.

३ मे, शनिवार
महादूच्या घरून पत्र. मुलीच्या हातचं, सातवीत आहे, शुद्धलेखन चांगलं. मजकूर वहिनींचा.
"भाऊजी, हे गेले तरी तुम्ही त्यांचे सख्ख्या भावाप्रमाणे केले, यांच्या मेव्हण्यांनी सांगितले. एवढी एकच विनंती. ज्यानं गोळी घातली तो सुटता कामा नये. त्याला सोडतील अशी इकडे लोक भीती घालतात. आमचे तिथे तुमच्याशिवाय कोणी नाही. तुम्ही शिकलेले, कचेरीतले. तुमच्यावर भरवसा ठेवून आहोत."
खाली वहिनींचा अंगठा. पोरीने बाजूला लिहिलंय, कंपास मिळाली.
तीनदा वाचलं. उत्तर काय लिहू? प्रयत्न करतो म्हणून लिहू? म्हणजे नूरला आत ठेवायचा प्रयत्न. नुसतं गप्प बसलो तरी तो होतोच.

८ मे, गुरुवार
नूरला भेटलो. खटपट करून दहा मिनिटं मिळाली. दाढी वाढलीय. मला बघून उभा राहिला, आधी महादूच्या पोरीची चौकशी केली.
सांगून टाकलं. माझा उपवास होता, मी हात लावला नाही, तपासलं नाही, आकडे मनचे लिहिले. चूक तुझी नाही.
तो ऐकत होता. मग हळू म्हणाला, "ब्लॉक तो मैंने उठाया था, लिमयेसाब. बर्फ़ था बिल्कुल, उँगलियाँ सुन्न हो गईं. दिल में आया आपको बोलूँ. फिर सोचा इल्मवाले आदमी हैं, सोच-समझ के रखा होगा."
म्हटलं, बोलायला हवं होतंस रे.
"आप दुआ में लगे थे. भिंत के पास."
मराठी शब्द महादूकडून उचललेला.
नंतर म्हणाला, "बाज़ार में आधा सेकंड मिला था. आगे वो, पीछे महादू. मैं एक तरफ़ हट सकता था, रॉड हाथ पे लगती, बस. पर आपका काग़ज़ याद आया."
शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं. वेळ संपली तेव्हा सलाम केला त्याने. नेहमीसारखा.

१० मे, शनिवार
आजपासून रमजान. ऑफिस दोनला सुटतं. गार्डांच्या खोलीतला तो कागद अजून तसाच. माझ्या नावावर कोणीतरी चहाचा डाग पाडलाय. काढून घेतला. कोणी विचारलं नाही.
सुमनला पत्र लिहिलं. केमिकल म्हणजे काय तेही लिहिलं. ती काय म्हणेल माहीत नाही. तिने मला दर चतुर्थीची आठवण करून देणारी पत्रं पाठवली आहेत.

१४ मे, बुधवार
कार्बन कॉपी, वही नि २० एप्रिलच्या गोळ्या डबीत घालून पोलीस चौकीत गेलो. साहेबांना आधी सांगून. ते म्हणाले, मी अडवणार नाही. सोबतही येणार नाही.
अधिकारी पन्नाशीचा, रोजा असल्याने ओठ सुकलेले. दुभाषा मलबारी, हिंदी बरी होती. पाऊण तास लागला. आकडे त्याला पटकन कळले, डबीतली गोळी उचलून उजेडात धरली.
मग विचारलं, त्या दिवशी तपासलं का नाही. संकष्टीला अरबीत काय म्हणायचं? म्हटलं, मी सायम होतो, उपवासाला. आमच्यात त्या दिवशी कातड्याहाडाला शिवत नाहीत. दुभाष्याने सांगितलं. अधिकाऱ्याने मान हलवली, समजल्यासारखी. जरा मऊ झाला. माझ्यासाठी पाणी मागवत होता, मी नको म्हटलं.
मग त्याने वहीतल्या त्या दोन आकड्यांवर बोट ठेवलं आणि काहीतरी विचारलं. दुभाष्याने आधी माझ्याकडे बघितलं. म्हणाला, "साहब पूछ रहे हैं, रोज़े में आपने झूठ लिखा?"
हो म्हटलं.
त्याने लिहून घेतलं. मी सही केली. पासपोर्ट ठेवून घेतला.
तीन वर्षं मी चतुर्थीला हात धुऊन, गंध लावून रेंजवर जात होतो. हाताचं सांभाळलं. लिहिलं त्याचं काय, हा प्रश्न मला एकदाही पडला नव्हता, चौकीत पडला.

१७ मे, शनिवार
कामावर येऊ नका असा निरोप. नूरचं काय, अजून काही नाही. मलबारी दुभाषा बाजारात भेटला, म्हणाला दोघांनाही धरू शकतात, दोघांनाही सोडू शकतात, इंशाल्ला. टर्नर साहेबांनी माणसाकरवी खजुरांचा डबा पाठवला. चिठ्ठी नाही.

वहिनींना पत्र लिहिलं. पाच फाडली. सहावं टाकलं, मुहर्रकच्या पोस्टात, दुपारी. त्यात काय लिहिलं ते इथेही उतरवून ठेवतो.
"वहिनी, त्याला शिक्षा व्हावी असं मागू नका. नूर आणि महादूची चांगली दोस्ती होती. त्याला महादू मागे दिसत होता, तरी त्याने गोळी घातली, कारण गोळी आत राहील असं मी लिहून दिलं होतं. मी ते न बघता लिहिलं. पोलिसांना सांगितलं आहे. त्याने माझ्यावर भरवसा ठेवला, तसाच तुम्हीही माझ्यावर ठेवलात. दुसऱ्या कोणी सांगण्याआधी मीच तुम्हाला सांगावं म्हणून लिहितो. हे पत्र पोरीला वाचावं लागेल, तिची क्षमा मागतो."
आठ-दहा दिवसांनी पोचेल.